इरावती कर्वे : घरापासून सुरू झालेला धर्माचा अभ्यास

बीड जिल्ह्यातील परळी आणि अंबाजोगाई या दोन गावांत सुमारे २५ किलोमीटरांचे अंतर आहे. परळीला वैजनाथ आहे, अंबाजोगाईला योगेश्वरी. लोककथा अशी की, कोकणातली ही देवी परळीच्या वैजनाथाशी लग्न लावण्यासाठी वऱ्हाड घेऊन निघाली. परंतु मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारिका राहून अंबाजोगाईलाच स्थिरावली. गावाजवळच्या लेण्यांना लोक हत्तीखाना म्हणतात व तेथले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातले असल्याचे सांगतात. कोकणस्थ ब्राह्मणांच्या पुष्कळ घराण्यांची ही कुलदेवता असल्याने आजही कोकणातून आणि पुण्या-मुंबईहून माणसे ओटी भरण्यासाठी येथे येतात.

या कथेत तीन प्रश्न दडलेले आहेत. समुद्रकाठच्या लोकांची कुलदेवी घाट ओलांडून बालाघाटाच्या डोंगरात कशी आली? तिचे लग्न ठरून का मोडले? आणि लग्न न झालेल्या स्त्रीला घरात जे स्थान मिळत नाही, ते या स्त्रीला देवळात कसे मिळाले? पहिला प्रश्न इतिहासाचा, दुसरा धर्मकथेचा आणि तिसरा समाजाचा आहे. मात्र तिघांचा एकत्र विचार केल्याखेरीज एकाचेही समाधानकारक उत्तर हाती लागत नाही. स्त्री आणि धर्म या विषयाचे पदव्युत्तर अध्ययन म्हणजे असे प्रश्न एकत्र विचारण्याची शिस्त होय. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९७४ साली स्त्रियांविषयीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले. पुढे मराठवाड्याच्या विद्यापीठातही ताराबाई शिंदे यांच्या नावाने स्त्री अभ्यास केंद्र उभे राहिले. विषयाला अशी मान्यता मिळण्याच्या कितीतरी आधी ही शिस्त ज्यांनी आपल्या आयुष्यात आणली, त्यांत इरावती कर्वे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांच्या पदव्युत्तर अभ्यासाचा विषय ठरला तोही चित्पावन ब्राह्मणांचाच, म्हणजे योगेश्वरीला कुलदेवता मानणाऱ्या समाजाचा. त्या स्वतः त्याच समाजात जन्मल्या होत्या.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे अभियंता म्हणून नोकरीस होते. मुलीचे नाव त्यांनी त्या देशातील मोठ्या नदीवरून ठेवले. सातव्या वर्षी शिक्षणासाठी तिला पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत पाठविण्यात आले. तेथे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी त्या घरच्या मुलीसारख्या वाढल्या. परांजपे हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य आणि निरीश्वरवादी विचाराचे गृहस्थ. देवाधर्माच्या वातावरणातून आलेल्या मुलीला या घरात पुस्तकांचा आणि तर्काचा सहवास मिळाला. एकाच समाजातील दोन घरे श्रद्धेच्या बाबतीत किती वेगळी असू शकतात, हा धडा त्यांना पाठ्यपुस्तकाआधीच मिळाला असावा.

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या १९२६ साली पदवीधर झाल्या आणि दक्षिणा शिष्यवृत्ती मिळवून मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राच्या अध्ययनासाठी गेल्या. चित्पावनांवरील प्रबंधावर १९२८ साली त्यांना एम.ए.ची पदवी मिळाली. त्या काळी मुलीने एम.ए. करणे हेच नवल होते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट विषयाच्या निवडीत होती. ज्या घराण्यांत आपण जन्मलो, ज्यांचे कुलाचार पाळले, ज्यांच्या लग्नकार्यांत वावरलो, त्यांच्याकडेच अभ्यासाची वस्तू म्हणून पाहणे सोपे नसते. आपल्या आजीच्या सोवळ्याला नोंदवहीत जागा द्यायची, तर आजीविषयी अनादर नसावा लागतो आणि सोवळ्याविषयी भीतीही नसावी लागते. हा तोल त्यांनी विशीच्या आतबाहेर असतानाच साधला होता.

दरम्यान दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. सासरे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह करून बहिष्कार सोसला होता आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापले होते. दीर रघुनाथराव १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून संततिनियमनाचा पुरस्कार करीत होते. महाराष्ट्रातील स्त्रीप्रश्नाचा निम्मा इतिहास या एका घरात नांदत होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. तरीही सुनेने उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जावे ही कल्पना खुद्द महर्षींना रुचली नाही. हजारो मुलींना शाळेत आणणाऱ्या पुरुषालाही आपल्या घरातील सुनेच्या बाबतीत एक पाऊल जड जावे, यात त्यांना कमीपणा आणण्यासारखे काही नाही. सुधारणा घराच्या उंबरठ्याशी येऊन कशी अडखळते, याचा तो दाखला आहे. दिनकरराव मात्र पत्नीच्या पाठीशी ठाम उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनच्या ज्या संस्थेत त्यांनी काम केले, तेथील प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेच्या सिद्धांताचे मोठे पुरस्कर्ते होते. इरावतीबाईंचा प्रबंध मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेवर होता. कवट्यांच्या मोजमापातून युरोपीय वंशांचे श्रेष्ठत्व सिद्ध होईल अशी तेथील अपेक्षा होती, परंतु त्यांच्या मोजणीतून तिला पुष्टी मिळाली नाही आणि तसे त्यांनी प्रबंधात मांडले. परदेशातील, परभाषेतील एका तरुण विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्याच्याच हाती द्यावा, याला निराळे धैर्य लागते. पुढे काही वर्षांतच त्या वंशसिद्धांताने जर्मनीत काय केले, ते जगाने पाहिले.

परत आल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्या महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज पदव्युत्तर अध्ययन व संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. इरावतीबाई तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या आणि आयुष्याचा उरलेला काळ त्यांनी तेथेच काढला. १९४७ साली भारतीय विज्ञान परिषदेच्या दिल्ली अधिवेशनात मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. पुण्यात स्कूटरवरून फिरणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होई. सौभाग्यचिन्हांचा आग्रह त्यांनी स्वतःपुरता धरला नाही. मात्र इतर स्त्रिया ती का धरतात, हे समजून घेण्याचा त्यांचा आग्रह कधी सुटला नाही.

त्यांचे सर्वांत मोठे शास्त्रीय काम म्हणजे भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील १९५३ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ. निरनिराळ्या भाषांतील नात्यांचे शब्द त्यांनी गोळा केले, संस्कृत, पाली, अर्धमागधी वाङ्मयातील आधार त्यांच्याशी ताडून पाहिले आणि देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग कल्पिले. उत्तरेत मुलगी द्यायची ती नात्याबाहेर आणि गावाबाहेर, म्हणून तेथे नवरी अनोळखी माणसांत जाते. गावच्या मुली आणि गावच्या सुना यांच्या वागण्याचे नियमही तेथे अगदी भिन्न असतात. दक्षिणेत मामाच्या, आत्याच्या घरी मुलगी जाते. सासू ही ओळखीची बाई असते आणि माहेर-सासर यांतील दरी अरुंद राहते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये आहे. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे, पण उत्तरेकडच्या पद्धतीही येथे मिसळल्या आहेत.

वरवर पाहता हा नात्यागोत्यांचा रुक्ष तक्ता वाटेल. परंतु स्त्री आणि धर्म यांच्या अभ्यासाची किल्ली येथेच आहे. कन्यादान, पातिव्रत्य, वैधव्य, हळदीकुंकू हे शब्द पोथीत असतात. पण त्यांचा भार किती पडायचा हे मुलगी कोणाच्या घरी जाते, माहेर किती लांब आहे, तिच्या नावावर काही आहे की नाही, यांवर ठरते. धर्मग्रंथ एकच असूनही कावेरीच्या आणि गंगेच्या काठच्या स्त्रीचे जिणे वेगवेगळे का, याचे उत्तर केवळ ग्रंथ वाचून मिळत नाही. टिम डायसन आणि मिक मूर या अभ्यासकांनी १९८३ साली भारतातील लोकसंख्येच्या वर्तनाचा विचार केला, तेव्हा आप्तसंबंधांच्या या उत्तर-दक्षिण भेदाचाच आधार घेऊन स्त्रियांची स्वायत्तता आणि बालमृत्यू यांचा संबंध त्यांनी दाखविला. नात्यांच्या शब्दांपासून निघालेली वाट अशी जन्म-मृत्यूच्या आकड्यांपर्यंत पोचली.

ग्रंथ आणि तक्ते यांबरोबर इरावतीबाईंनी पायही वापरले. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या पंढरपूरपर्यंत चालत गेल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९६२ साली अमेरिकेतील एका विद्वत्पत्रिकेत आले. एकाच दिंडीत, एकच अभंग म्हणत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बाया जेवणाच्या वेळी मात्र वेगळ्या होतात, हे त्यांनी पाहिले, त्यांना ते लागले आणि त्यांनी ते लपविले नाही. त्या स्वतः मराठा बायांच्या पंगतीला जाऊन बसल्या. भक्तीचा आनंद त्यांनी खोटा ठरविला नाही, आणि त्या आनंदात बुडून वेगळ्या चुलींकडे डोळेझाकही केली नाही. धर्माच्या अभ्यासकाकडून याहून अधिक प्रामाणिकपणाची अपेक्षा करता येणार नाही.

सामान्य वाचकाला त्या ठाऊक आहेत त्या ‘युगान्त’मुळे. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला पुढील वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महाभारतातील माणसांना त्यांनी देवत्वाच्या मखरातून खाली उतरवून माणसांप्रमाणे वागविले. गांधारीच्या डोळ्यांवरच्या पट्टीत परंपरेला पातिव्रत्य दिसले. इरावतीबाईंना त्यात फसविल्या गेलेल्या मुलीचा राग दिसला. द्रौपदीविषयीचे त्यांचे मत तर आजही वादाचा विषय आहे. द्यूतसभेत पणाला लावली गेल्यावर तिने हक्काचा प्रश्न विचारला, तो विचारण्यात तिची चूक झाली असे त्यांचे म्हणणे. दास झालेल्या पतीचा पत्नीवर अधिकार राहतो की नाही, या प्रश्नाचे कोणतेही उत्तर तिला सुख देणारे नव्हते. अशा वेळी पांडित्य न दाखविता तिने दयेची याचना करायला हवी होती. स्वतः पंडिता असलेल्या स्त्रीने पंडिता स्त्रीविषयी दिलेला हा निवाडा अनेकांना पटत नाही. त्या सभेत हक्काचा प्रश्न विचारणारी ती एकटीच होती, आणि तोच तिचा मोठेपणा, असे कोणी म्हणेल तर तेही खोडून काढणे अवघड आहे. पण हा वाद श्रद्धेच्या पातळीवरून विचाराच्या पातळीवर आला, तो इरावतीबाईंमुळेच.

स्त्रीच्या ओळखीचा पेच त्यांनी स्वतःवरही तपासून पाहिला. ‘परिपूर्ती’ या लेखात एका सभेत आपली ओळख महर्षींची सून, प्राचार्यांची पत्नी अशी करून दिली गेल्याचे त्या सांगतात. त्या ओळखीत काहीतरी राहिल्यासारखे त्यांना वाटत असते. मग रस्त्यावर खेळणारी मुले आपल्या वर्गातल्या कर्वे आडनावाच्या मुलाची आई म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवितात, आणि राहिलेले पुरे झाले असे त्या म्हणतात. डॉक्टरेट मिळविलेल्या विदुषीची परिपूर्ती अखेर मातृत्वातच व्हावी, याचे आजच्या विद्यार्थिनींना आश्चर्य वाटते. त्या लेखात किती समाधान आहे आणि किती मिस्कीलपणा, याचा निर्णय वाचणाऱ्याने करावा.

त्यांच्या अभ्यासाला मर्यादा होत्याच. घुर्ये यांच्या मताविरुद्ध जाऊन, जाती या एका मूळ वर्णातून फुटून निघाल्या नसून वेगवेगळे गट शेजारी येऊन बनल्या, असे त्यांनी प्रतिपादन केले. या मांडणीत निरनिराळ्या गटांच्या सहजीवनाला मोठे स्थान मिळाले, आणि उतरंडीचा जाच त्या मानाने झाकला गेला, अशी टीका पुढील अभ्यासकांनी केली आहे. या ठिकाणी आणखी एका पदव्युत्तर विद्यार्थ्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानवशास्त्राच्या चर्चासत्रापुढे अर्थशास्त्राचे विद्यार्थी भीमराव आंबेडकर यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या नियमामुळे. तो नियम टिकवायचा तर विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जातीच्या आत समान राखावी लागते. म्हणून नवऱ्यामागे उरलेल्या स्त्रीला सती जाणे किंवा सक्तीचे वैधव्य, आणि बायकोमागे उरलेल्या पुरुषासाठी अल्पवयीन मुलगी, अशा रूढी निर्माण झाल्या, असे त्यांनी दाखविले. स्त्रीवरील बंधने हा जातीचा परिणाम नसून तिचा आधार आहे, ही त्या निबंधाची दृष्टी इरावतीबाईंच्या नात्यांच्या नकाशात पुरेशी उतरलेली नाही. घराच्या आत बसून केलेल्या अभ्यासाला घराबाहेर ठेवल्या गेलेल्यांच्या दृष्टीची जोड लागते. ती जोड मिळाली की दोन्ही अभ्यास अधिक समर्थ होतात.

हे सारे बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याने का वाचावे? कारण त्याच्या गावाचे आकडे त्याच्याकडे उत्तर मागत आहेत. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्यापेक्षा हे प्रमाण कमी होते. दहा वर्षांपूर्वी ते ८९४ होते. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला होता आणि १९९४ साली केंद्राचाही कायदा आला. तरीही २०१२ साली परळीतील बेकायदा गर्भपाताचे प्रकरण देशभर गाजले. इरावतीबाईंच्या नकाशाप्रमाणे महाराष्ट्र हा मधला प्रदेश; मामाच्या घरी मुलगी देण्याची चाल मराठवाड्यात मोडलेली नाही. मग उत्तरेकडचे मानलेले मुलीविषयीचे वैर येथे का उतरले? हुंड्याने, लहान कुटुंबाच्या हट्टाने की हाताशी आलेल्या यंत्राने? त्यांचा नकाशा येथे अपुरा पडतो, आणि अपुऱ्या पडलेल्या जागेपासूनच नव्या प्रबंधाची सुरुवात होत असते.

दुसरा प्रश्न उसाच्या फडातला आहे. दरवर्षी या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. या जोडीला म्हणतात कोयता. एकट्या माणसाचा कोयता होत नाही, म्हणून लग्ने लवकर होतात. खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि पाळीच्या दिवसांत बाईला विसावा नसतो. या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली उघड झाला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. हा केवळ मजुरीचा प्रश्न आहे असे अर्थशास्त्राने म्हणावे, केवळ आरोग्याचा असे वैद्यकाने म्हणावे, आणि विटाळ, मातृत्व, सौभाग्य या कल्पनांचा विचार कोणीच करू नये, असे आजवर पुष्कळदा झाले आहे. लग्न, धर्म आणि मजुरी एका कोयत्यात कशी जखडली जातात, हे दाखविणारा अभ्यास ज्याला करायचा आहे, त्याला बर्लिनला जावे लागणार नाही.

इरावतीबाई ११ ऑगस्ट १९७० रोजी वारल्या. अखेरच्या वर्षांतही कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी, आठवड्याच्या बाजारांचा अभ्यास अशी कामे त्यांच्या हातून होत होती. आज त्यांचे नाव परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत टिपेपुरते येते. कवटी मोजणारा हात, संस्कृत वाचणारा डोळा आणि वारीत चालणारे पाय एका माणसाच्या ठिकाणी होते, हे त्या टिपेत येत नाही.

विद्यापीठांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून दरवर्षी लघुप्रबंध लिहून घ्यायचेच असतील, तर प्रत्येकाला आपल्या गावातील एका देवस्थानाचे मानकरी कोण, ओटी कोण भरते आणि कोणाला भरू दिली जात नाही, गावातल्या सुना कोठून आल्या, कोणाच्या नावावर जमीन आहे, एवढे जरी नोंदवायला सांगितले तरी पाच वर्षांत जिल्ह्याचा खरा ग्रंथ तयार होईल. त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. गरज आहे ती मार्गदर्शकाने जुने प्रबंध उतरवून घेणे थांबविण्याची, आणि आपल्याच घराकडे पाहण्याचे भय विद्यार्थ्याच्या मनातून काढण्याची. अंबाजोगाईच्या देवळात लग्न न झालेली देवी शतकानुशतके पूजा घेत उभी आहे. तिच्याच जिल्ह्यात मुलींची संख्या का घटली, हा प्रश्न विचारण्यात देवीचा अवमान नाही. तो न विचारण्यात मात्र आहे.